त्रेचाळिसावी काडी

मी एका बाईला एक आकडा खोटा सांगितला. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही, आणि दर उपवासकाळात पापनिवेदनाला गुडघे टेकतो तेव्हा जाळीपलीकडच्या फादरलाही नाही. तिथे मी राग, आळस, जिभेचा तिखटपणा असली चिल्लर पुढे करतो आणि मोकळा झाल्यासारखा उठतो.

आकडा म्हटल्यावर कुणाला हिशेबातली गडबड वाटेल. तसं नव्हतं. बांबूच्या एका काडीवर त्रेचाळीस लिहिलं होतं आणि मी अठरा म्हणालो. एवढंच. हे ‘एवढंच’ मी चार वर्षं स्वतःला ऐकवतोय, आणि दरवेळी ते थोडं कमी पटतं.

ती बाई म्हणजे आंटी. आख्खी फॅक्टरी त्यांना आंटीच म्हणायची, मालकसुद्धा. मूळच्या मलेशियातल्या इपोहच्या, चिनी घरातल्या. साठी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या, चणीने लहान आणि आवाजाने दांडग्या. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमची खोक्यांची फॅक्टरी आहे. मिठाईचे, अत्तराचे, खजुराचे खोके बनतात. मी प्रॉडक्शन बघतो. आंटी खरेदी बघायच्या. कागद, शाई, मशीनचे सुटे भाग, निम्मा माल चीनमधून येतो, आणि तिकडच्या लोकांशी त्या फोनवर अशा भांडायच्या की एक शब्द कळत नसूनही सगळा फ्लोअर गप्प होऊन ऐकायचा.

राहायला आम्ही दुबईच्या करामा भागात एकाच बिल्डिंगमध्ये. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्या तिसऱ्यावर एका खोलीत. त्यामुळे सकाळी सातला त्या माझ्या गाडीत आणि संध्याकाळी परत माझ्याच गाडीत, अशी सहा वर्षं गेली.

“बॉस, एसी कमी कर ला. मी काय बर्फात ठेवायची मासळी आहे?” हे त्यांचं रोजचं गुड मॉर्निंग. वाक्याला असा ‘ला’ जोडायची त्यांची मलेशियन सवय. हुद्द्याने मी त्यांचा वरिष्ठ, वयाने त्या माझ्या. म्हणून ‘बॉस’ हा शब्द त्या चिमटा काढल्यासारखा वापरायच्या.

काड्यांबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते गाडीतच. वेअरहाऊसकडे जाणाऱ्या ट्रकांमागे अडकलो होतो. बांबूचा एक नळा असतो, त्यात शंभर काड्या. गुडघ्यावर बसायचं, प्रश्न मनात धरायचा, नळा तिरका करून हलवत राहायचं. काड्या खळखळतात, हळूहळू एक काडी इतरांच्या वर सरकते आणि जमिनीवर पडते. तिच्यावर आकडा. त्या आकड्याची चार ओळींची कविता, आणि कवितेच्या पोटात एक जुनी गोष्ट. ती गोष्ट म्हणजे उत्तर.

“आमच्याकडे याला कौल म्हणतात,” मी म्हणालो. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, पण शेजारपाजारच्या हिंदू घरांतून देवाला कळ्या चिकटवून कौल लावलेला मी लहानपणी पाहिला होता. उजवी कळी पडली की हो, डावी पडली की नाही.

“बघ, सगळ्यांना विचारायचं असतंच. आमचा देव फक्त जास्त बोलतो.”

आणि मग त्यांनी त्या देवाची गोष्ट सांगितली. एक पोरगा मेंढ्या राखायचा. पंधरा वर्षांचा असताना त्याला एक साधू भेटला आणि गुहेत घेऊन गेला. पोरगा परत आलाच नाही. थोरला भाऊ चाळीस वर्षं त्याला शोधत फिरला. शेवटी बाजारात एका भविष्य सांगणाऱ्याने त्याला डोंगराचा पत्ता दिला. भाऊ भेटला.

“इतक्या वर्षांनी भेटल्यावर थोरल्याने पहिलं काय विचारलं असेल, सांग.”

“कुठे होतास म्हणून?”

“नो ला! विचारलं, मेंढ्या कुठायत?” आंटी डॅशबोर्डवर हात आपटून हसल्या. “थोरली माणसं सगळी सारखी. माझी ताई सेम टु सेम.”

धाकटा म्हणाला, मेंढ्या डोंगराच्या पूर्वेला आहेत. थोरला जाऊन बघतो तर नुसते पांढरे दगड. तेव्हा धाकटा आला, त्याने हाक मारली, ‘मेंढ्यांनो, उठा’, आणि दगड उठून चरायला लागले. तो मेंढपाळ पुढे देव झाला, आणि लोक त्याच्यापुढे काड्या हलवू लागले.

ही गोष्ट त्यांना ताईने सांगितलेली. नळाही ताईनेच दिलेला, आंटी घर सोडून इकडे यायला निघाल्या तेव्हा. काड्यांवरचे चिनी आकडे झिजले होते म्हणून ताईने प्रत्येकीवर निळ्या बॉलपेनने साधे आकडे घातले होते. सोबत कवितांची वही, तिच्याच अक्षरातली.

पुढे वडील गेले. आंटींना पोचायला चार दिवस उशीर झाला. दारातच ताई म्हणाली, “आता कशाला आलीस?” त्यानंतर नऊ वर्षं बहिणी बोलल्या नव्हत्या. हे आंटींनी एकदाच सांगितलं, आणि त्या दिवशी एसीबद्दल काही बोलल्या नाहीत.

ताईची वही फाटत चालली होती. आंटी ओळ वाचायच्या, इंग्रजीत अर्थ सांगायच्या आणि मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचो. शनिवारी सकाळी त्यांच्या खोलीत बसूनही बरंच काम केलं. शंभर काड्या, शंभर गोष्टी. यावरून घरात बोलणी खाल्ली.

“अहो, रविवारी मिस्साला जायचं आणि शनिवारी चिनी काड्या वाचायच्या? एकाच देवाला धरा की,” बायको म्हणाली.

“येशूच्या प्रेषितांनीही बारावा गडी चिठ्ठ्या टाकूनच निवडला होता.”

“ते प्रेषित होते. तुम्ही खोके बनवता.”

लेक तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “पप्पा, इट्स लिटरली अ रँडम नंबर जनरेटर.”

“मग परीक्षेच्या आदल्या दिवशी वर का पळतेस?”

“दॅट्स डिफरंट. आंटी गिव्हज मी सूप.”

या टायपिंगमुळे एक झालं. शंभर आकडे मला पाठ झाले. मी मुद्दाम केलं नाही, पण वाडीतल्या घरांसारखे ते डोक्यात बसले: अमक्या नंबरला कोण राहतं. कुठला आकडा बरा, कुठला वाईट, कुठला ‘थांब’ म्हणतो, कुठला ‘नीघ’. पुढे जे केलं ते मला करता आलं ते केवळ यामुळे. आंटींचाच विश्वास, आंटींच्याच ताईची वही, आणि तिचाच वापर.

रमजानला सात आठवडे उरले होते. आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा काळ तो. खजुराचे खोके रमजानआधी दुकानात पोचले नाहीत तर नंतर त्यांना कुत्रं विचारत नाही. त्यातच नवं कटिंग मशीन बंद पडलं होतं. चीनमधून पार्ट आणि एक टेक्निशियन येणार होता, त्याला इंग्रजी येत नव्हतं. अशात आंटींना भाच्याचा मेसेज आला. ताईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात महिना, कदाचित जास्त, कदाचित कमी.

आंटींनी माझ्या टेबलावर लीव्ह फॉर्म ठेवला. नाव, कारण, सही, सगळं होतं. तारीख कोरी.

“तारीख?” मी विचारलं.

“आत्ता जाऊ की रमजाननंतर, मला कळत नाही. ती बोलू शकत नाही, बॉस, पण तोंड फिरवू तर शकते. मी दारात उभी आणि तिने तोंड फिरवलं तर?” त्यांनी फॉर्मचा कोपरा सरळ केला. “विचारून बघते. मग तारीख भरते.”

“आंटी, तुम्ही म्हणाल तेव्हा जा. मी सही करतो,” मी म्हणालो. किती सहज म्हणालो! बाहेरून बघणाऱ्याला मी मोठ्या मनाचा साहेब वाटलो असेन.

दुपारी मालकाने बोलावलं. “तिला सोडायचं की नाही ते तू ठरव, हबीबी. मला माल वेळेवर पाहिजे. खलास.” आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. पण मी बावन्न वर्षांचा होतो. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, आणि लेकीचं कॉलेज अर्ध्यावर. हे सगळं मालकाच्या केबिनपासून माझ्या टेबलापर्यंतच्या वीस पावलांत माझ्या डोक्यातून गेलं. टेबलावर तो कोऱ्या तारखेचा फॉर्म.

मी सरळ सांगू शकलो असतो. आंटी, आत्ता नका जाऊ, मला भीती वाटते. त्या चिडल्या असत्या, भांडल्या असत्या, कदाचित तरीही गेल्या असत्या. ते त्यांचं त्यांनी ठरवलं असतं. पण रोज सकाळी शेजारी बसणाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

त्या शनिवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. आठवड्यापूर्वीच त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मीच क्लिनिकला नेलं होतं. डोळ्यावर प्लॅस्टिकचं कवच, दुसऱ्या डोळ्यालाही जवळचं धड दिसत नव्हतं. “आकडा तू वाच,” त्या म्हणाल्या. खोलीत उदबत्ती, मेंढपाळ देवापुढे तीन संत्री, खालच्या हॉटेलातून पराठ्यांचा वास. त्या चटईवर गुडघे टेकून बसल्या. बराच वेळ ओठ हलत होते. मग नळा हलायला लागला.

एक काडी पडली, उडाली आणि माझ्या पायाशी आली. मी उचलली. निळ्या बॉलपेनने, ताईच्या अक्षरात: त्रेचाळीस.

त्रेचाळीस म्हणजे मेंढपाळाच्या भावाची काडी. मीच टाइप केली होती. ‘पूर्वेला जा. ज्याला शोधतोस तो वाट पाहतो आहे. दगड दिसले तरी माघारी फिरू नकोस. हाक मारलीस की उठतील.’ दुबईहून इपोह पूर्वेलाच.

“कितवी?”

मी काडी मुठीत घेतली. “अठरा,” म्हणालो.

अठरा म्हणजे सरळ गळाचा म्हातारा. तो नदीकाठी सरळ, आमिष नसलेला गळ टाकून बसायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, ज्याला यायचंय तो येईल. म्हातारपणी शेवटी खुद्द राजा त्याला शोधत आला. अर्थ: थांब, घाई करू नकोस, यायचं ते आपल्या पायांनी येईल.

आंटींचे खांदे खाली आले. “थांब म्हणतो,” त्या पुटपुटल्या.

पण काडी पडली म्हणजे संपलं असं नसतं. काडी खरी की खोटी हे देवाला पुन्हा विचारायचं असतं. त्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे, एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. मग काडी परत नळ्यात टाकून पुन्हा हलवायचं. दोन्ही सपाट वर आले तर ते पोटावर डुलतात, आणि देव हसला असं म्हणतात. म्हणजे प्रश्न नीट विचार.

आंटींनी टाकले. दोन्ही सपाट. फरशीवर डुलत राहिले. देव हसला.

दुसऱ्यांदा टाकले. दोन्ही फुगीर. नाही.

मी त्या देवाला मानत नव्हतो, आजही मानतो असं नाही, पण त्या क्षणी वाटलं की खोलीत कुणाला तरी माहीत आहे. आंटींनी काडीसाठी हात पुढे केला. काडी परत नळ्यात टाकायची, पुन्हा हलवायचं. मला इथेच सुटका होती. मी नुसती मूठ उघडायची होती. खोटं कुणाला कळलंही नसतं.

“आंटी,” मी म्हणालो, “आधी तो हसला होता ना? म्हणजे तुमचा प्रश्नच नीट नव्हता. पहिला प्रश्नच चुकला, तर हे ‘नाही’ कसं धरायचं? एकदा नीट विचारून टाका.”

पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं म्हणता येईल. हे मी विचार करून बोललो. त्यांचीच रीत, त्यांच्याकडूनच शिकलेली, त्यांच्यावरच चालवली. त्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “करेक्ट ला. तू आता माझ्यापेक्षा शहाणा झालास.”

तिसऱ्यांदा टाकले. एक सपाट, एक फुगीर.

मी काडी नळ्यात परत घातली, इतरांमध्ये मिसळून टाकली. आंटींनी मला एक संत्रं दिलं. मी ते जिन्यातच सोलून खाल्लं, घरी न्यायला नको वाटलं म्हणून.

सोमवारी त्यांनी फॉर्मवर रमजाननंतरची तारीख घातली. मी सही केली.

टेक्निशियन आला. पहिल्याच दिवशी त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यात चिनी बोलला, मोबाइल इंग्रजीत बोलला, आमचा फोरमन इंग्रजीत बोलला, मोबाइल चिनीत बोलला. तीन दिवसांत मशीन चालू. आंटी शेजारी स्टुलावर बसून होत्या आणि त्याला चहा पाजत होत्या. त्यांच्यावाचूनही माल वेळेवर गेला असता. मालकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

ताई त्यानंतर अकराव्या दिवशी गेली.

आंटी अंत्यविधीला जाऊन आल्या. परत आल्यावर पहिल्या सकाळी गाडीत बसल्या तेव्हा मी आपणहून एसी कमी केला. त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, “मला आता कळलं देवाने थांब का म्हटलं.”

मी आरशात बघून लेन बदलली.

“तिला मी नको होते. शेवटपर्यंत नाही. मी गेले असते तर तिने तोंड फिरवलं असतं, आणि ते मी जन्मभर बघत बसले असते. देवाने मला त्यातून वाचवलं.” त्या हलकं हसल्या. “दगड ते दगडच, बॉस. सगळेच काही उठत नाहीत.”

तेव्हाही मला बोलता आलं असतं. गाडी सिग्नलला उभी होती. बोलायला पुरेल एवढा तो लाल दिवा लांबला. मी म्हणालो, “हो, आंटी.”

माझ्या खोट्याने त्यांची भेट हुकली, एवढंच असतं तर मी कदाचित काळाच्या ओघात स्वतःला माफ करून टाकलं असतं. माणसांची विमानं चुकतात, पोचायला उशीर होतो. पण त्या आकड्यातून त्यांनी ताईचं मन वाचलं. मी ज्या जागी ‘वाट पाहतो आहे’ असं लिहिलेलं पाहिलं, त्या जागी त्यांच्याकडे ‘नको आहेस’ पोचलं. ताईने तोंड फिरवलं असतं की नाही, मला माहीत नाही. काड्यांना माहीत असतं का, तेही माहीत नाही. पण त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर आलं होतं, आणि ते मी मुठीत ठेवलं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होऊन इपोहला परत गेल्या. निघताना नळा मला दिला. “तू टाइप केलंस, तूच ठेव. माझे प्रश्न संपले.” बायकोने तो कपाटाच्या वरच्या खणात, ख्रिसमसच्या तारकेमागे ठेवलाय. तारका काढायला दर डिसेंबरात हात वर घालतो तेव्हा काड्या खळखळतात. एकदा ती त्रेचाळीसची काडी काढून बघितली मी. शाई अजून गेलेली नाही.

आंटींचा मेसेज येतो, सणाला, लेकीच्या वाढदिवसाला. मागच्या महिन्यात व्हॉइस नोट आली: “बॉस, एसी कमी केलास का?” मी हसणारा चेहरा पाठवला. दोनदा उत्तर रेकॉर्ड केलं, दोनदा पुसलं. आणि आता हे लिहितोय, तेही मराठीत, जी त्यांना वाचता येत नाही. हासुद्धा भित्रेपणाच, मला दिसतंय. बायकोला येते. ती वाचेल, मग मला लपायला जागा उरणार नाही, एवढाच यात थोडा धीर.

माझ्याकडे त्यांचा एक आकडा आहे. त्यांच्या ताईच्या हातचा, निळ्या शाईतला. तो अठरा नव्हता, त्रेचाळीस होता, आणि तो त्यांना सांगण्याचं देणं मी अजून लागतो.